पाठमोऱ्या माणसाने पाहिलेली फेक

नेब्रास्का,
मार्चचा पहिला मंगळवार

प्रिय कोल्बी,

पाकीट बघून तू आधी हसशील. कॉलेजची चार वर्षं एका खोलीत राहिलो, पण दूध संपलंय एवढंसुद्धा मी कधी चिठ्ठीवर लिहिलं नाही, आणि आता ही एवढी पानं. फोन केला असता. पण फोनवर तू बोलत राहतोस, मी ऐकत राहतो आणि शेवटी तुझंच खरं होतं. शिवाय या कामाला कागदच लागतो.

काल सकाळी हॅगर्टी आमच्या खाटीकखान्यात आला होता. तोच तो, राखाडी टोपीवाला, संघासाठी खेळाडू हेरणारा पारखी, जो सगळा हंगाम आपल्या सरावाच्या वेळी कुंपणाशी उभा राहून सूर्यफुलाच्या बिया फोडायचा. येत्या शुक्रवारी तू सगळ्या व्यावसायिक फुटबॉल संघांच्या माणसांसमोर चेंडू फेकून दाखवणार, त्याच्या आत त्याला तुझ्यावरचा अहवाल पुरा करायचा आहे. एप्रिलमध्ये तुला घ्यायचं की नाही हे त्यांचा संघ त्या अहवालावरच ठरवणार. बाबांनी त्याच्यापुढे खिमा-राजम्याच्या तिखट चिलीचा वाडगा आणि दालचिनीचा रोल ठेवला. माणूस पूर्वेकडचा. तो एकदा वाडग्याकडे बघे, एकदा रोलकडे. "हे दोन्ही एकत्र खायचं?" म्हणाला. बाबा म्हणाले, "का, शाळेत दुपारी हेच जेवला नव्हतात का?" मग बिचाऱ्याने मुकाट्याने खाल्लं आणि वर आणखी एक रोल मागून घेतला.

खाऊन झाल्यावर त्याने कागद काढले आणि तुझं वाचून दाखवलं. बाबा लोंबणाऱ्या मांसाची प्रत सांगतात तशा कोरड्या आवाजात. चेंडू हातातून लवकर सुटतो. पकडणारा वळायच्या आत चेंडू तिथे पोचलेला असतो. अंगावर माणसं धावून आली तरी नजर खाली जात नाही. पंधरा यार्डांपर्यंत, मैदानाच्या मध्यभागी, याच्या तोडीचा या वर्षी दुसरा नाही. हे ऐकताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पान उलटलं. वीस यार्डांपुढे चेंडू डगमगतो. डाव्या कडेची लांब फेक उशिरा पोचते. चेंडू ओला झाला की पकड सुटते. ऑक्टोबरनंतर लांब फेक टाळतोच. कागद खाली ठेवून तो म्हणाला, "तू त्याचा सेंटर. तुझ्याइतकं जवळून त्याला कुणी पाहिलेलं नाही. तूच सांग."

मला हसू आलं. मी म्हणालो, "साहेब, मी त्याच्याकडे पाठ करून उभा असायचो." खरंच की नाही? वाकून दोन पायांमधून चेंडू तुझ्या हातात द्यायचा आणि समोरच्या धटिंगणाला धरून ठेवायचं, हे माझं काम. तू काय फेकलंस ते मला प्रेक्षकांच्या आवाजावरून कळायचं, नाहीतर समोरच्याच्या थोबाडावरून. आठवड्यात सामन्याची फिल्म दाखवायचे तेव्हाही आमचा कोच पडद्यावर काठी टेकवून माझे पाय दाखवायचा. बाकी मैदान गेलं खड्ड्यात. चार वर्षांत मी तुझी एकच फेक माझ्या डोळ्यांनी पाहिली. तिच्याकडे मी येतोच आहे.

पण तुझा हात मला ठाऊक आहे. तू मागे चिकटून उभा राहायचास, उजव्या हाताची पाठ माझ्या बुडाखाली टेकवून. माझी बहीण म्हणायची, "लग्नाआधी एवढी सलगी बरी नव्हे हं." त्या हाताचा दाब मला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सारखा. तुला घाई असली की तो जरा वर सरकायचा. समोरच्यांचा डाव तू ओळखलेला असलास की एकदम स्थिर. ऑक्टोबरमधल्या त्या सामन्यानंतर तो हात अर्धाच लागायला लागला. करंगळीची बाजू हलकी, जणू तिथे कुणी नाहीच. पुढच्या दोन सामन्यांत चेंडू तुझ्या हातातून पडला तेव्हा कोच माझ्यावर ओरडला, "बैला, नीट देता येत नाही का?" मी म्हणालो, चेंडू ओला होता. दोन्ही दिवशी पावसाचा थेंब पडलेला नव्हता. मग तू कोचला पटवलंस की चार पावलं मागे उभं राहिलं की मैदान बरं दिसतं, आणि तुझा हात मला लागेनासाच झाला.

कपडे बदलायच्या खोलीत तू मला शपथ घ्यायला लावलीस, आठवतं? डाव्या हाताने बुटाची नाडी ओढत म्हणालास, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बैलोबा. एप्रिलपर्यंत गप्प बस. निवड झाली की मी स्वतः डॉक्टरकडे जातो." मी शपथ घेतली. पाच महिने पाळली.

कालही बहुतेक पाळली असती. पण हॅगर्टीने शेवटची ओळ वाचली. "फटका बसल्यापासून घाबरतो." आणि म्हणाला, "हात चांगला आहे, पोराचं काळीज गेलंय. तसं होतं. मी पुष्कळ पाहिलेत." मी मांस कापत होतो, सुरी खाली ठेवली. तुला तो शिक्का चालला असता. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हणून तू हसलाही असतास. घाबरट पोराला कुणीतरी निवडीच्या शेवटच्या फेरीत उचलतं, हात गेलेल्याला कोण उचलतो? पण मला तो शब्द सहन झाला नाही, कारण तो फटका कुणामुळे बसला हे मला ठाऊक आहे.

आता ती फेक. मी उताणा पडलो होतो म्हणून ती दिसली. समोरचा माणूस माझा होता, मी अडवायचा, कोल्बी. आवाजाच्या गोंधळात मी अर्धं पाऊल आधी उजवीकडे गेलो आणि तो डावीकडून मला आडवा करून निघून गेला. त्याचं हेल्मेट तुझ्या कोपरावर आपटलं तोच चेंडू सुटला. मी खालून पाहिला तो, भोवऱ्यासारखा फिरत माझ्या डोक्यावरून, उंच, लांब, जराही न डगमगता. पन्नास यार्डांवर तो झेलला गेला. सगळं मैदान नाचत होतं आणि तू कोपर धरून गुडघ्यावर बसला होतास. फिल्मवर कोचने माझ्या पायांवर काठी ठेवली, "जाऊ दे, गुण तर मिळाले," म्हणून पुढे गेला. तूही कधी एका शब्दाने विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

हॅगर्टीला मी सगळं सांगितलं. कोपर, करंगळी, पडलेले चेंडू आणि तो माणूस माझा होता हेही. त्याने ती ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, "हात तपासा." टोपी घालताना म्हणाला, "यामुळे तो एप्रिलमध्ये कदाचित कुणालाच नको होईल. कळतंय ना तुला?" मी म्हणालो, कळतंय. शुक्रवारी तू फेकण्याआधी त्यांचा डॉक्टर तुझा हात बघणार आहे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितोय. मला लाज वाटते, आणि तू पुन्हा बोलणार नाहीस याची भीतीही वाटते. पण गप्प बसलो नाही याचं वाईट वाटत नाही.

माझ्या बाबांचा उजवा हात तू पाहिला आहेस. तीस वर्षं सुरी चालवून त्यांच्या कोपरातली तीच, करंगळीकडे जाणारी शीर गेली. शेवटची दोन बोटं आकड्यासारखी वळलेली, रविवारच्या शर्टाची बटणं मी लावून देतो. डॉक्टरांनी त्यांना अंगठा सरळ ठेवून तर्जनीशी एक कागद धरायला सांगितला आणि हलकेच ओढला. कागद सरळ निघून आला; अंगठा वाकवून धरला तेव्हाच राहिला. "सहा-आठ महिन्यांत आला असतात तर काही करता आलं असतं," म्हणाले. ऑक्टोबर ते मार्च, पाच महिने झालेत. म्हणून फोन नाही, कागद पाठवला. हे शेवटचं पान तसंच उजव्या हातात धर आणि तुझ्या आईला ओढायला सांग. तिला मी काही बोललेलो नाही, ती विचारेल, तेव्हा तूच सांग. शाळेची बस चालवणारे हात आहेत तिचे, चांगला हिसका देऊ दे. कागद तुझ्या हातात राहिला तर मी खोटारडा, इथे येऊन मला चार लाथा घाल. निसटला तर शुक्रवारी त्या डॉक्टरपुढे हात ठेव. आणि मी समोर नाही म्हणून अंगठा वाकवू नकोस.

तुझाच,
लायल