फिल्ममध्ये न आलेली शिवगंगा

मी, खाली सही करणार शिवगंगा गुरू पार्वतम्मा, तृतीयपंथी स्त्री, वय त्रेसष्ट, धंदा मिरची कांडप, राहणार जळकोट, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी तिखटाचा भाव करून पाहावा.

कलम १. कांडप मशीन, दुकान आणि मागची खोली माझी चेली रुखसार हिला. आमच्यात गुरूचं चेलीलाच जातं, तरी कागद असलेला बरा. मशीनचा पट्टा दर उन्हाळ्यात बदलावा. तिखटात रंग मिसळू नये.

कलम २. तीन वर्षांपूर्वी प्रीतम नावाच्या दिग्दर्शकाने माझ्यावर माहितीपट काढला. माणूस गुणाचा, पण सगळं आधीच ठरवून आलेला. आरशासमोर बसा, टाळी वाजवा, खिडकीतून दूर बघा. माझ्या खिडकीतून समोरच्या दुकानाचं शटर दिसतं. दहा दिवसांत मी गिऱ्हाइकांशी भांडले, माहूरला रेणुकेपुढे नाचले, रुखसारच्या बिर्याणीला नावं ठेवून दोनदा वाढून घेतली. त्यातलं काही आलं नाही. आलं काय, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि मागे सारंगी. अहो, तेव्हा मी लवंगी कांडत होते.

फिल्मला बक्षीस मिळालं. बायका सांत्वनाला येऊ लागल्या आणि जाताना तिखट नेऊ लागल्या, हे नाकारत नाही. तरी राग आहे तो आहे. माझ्यामागे लोकांनी तेवढंच रडकं तोंड लक्षात ठेवू नये. प्रीतमने मला न कापलेलं तेरा तासांचं चित्रीकरण दिलं आहे. माझ्या भंडाऱ्याला रुखसारने ते दुकानाच्या भिंतीवर सगळं दाखवावं. जेवण आधी वाढावं, उपाशी माणूस इतका वेळ बसत नाही.

कलम ३. धाकटा भाऊ सटवाजी. तीस वर्षं त्याने माझं नाव काढलं नाही. फिल्म पाहून आला आणि गळ्यात पडला, "दादा, लई सोसलंस." मी म्हटलं, "मिरची होती रे ती. आणि दादा कोणाला म्हणतोस?" आठ दिवस फिरकला नाही. मग रोज येऊन मिरच्यांचे देठ खुडू लागला. मला फार आनंद झाला. पण त्याने मला हाक कसलीच मारली नाही, ना अरे, ना अगं.

वडिलांच्या वावरातला माझा हिस्सा त्यालाच द्यायचा होता. काल त्याने विचारलं, साक्षीला कोण? वकील म्हणाले, ज्याला मिळणार त्याने साक्ष देऊ नये. सटवाजी म्हणाला, "मग वावर नगं मला. साक्ष मी देतो."

म्हणून तो हिस्सा त्याची मुलगी पुनम हिला. ती मला पहिल्या भेटीपासून आत्या म्हणते.

वर लिहिलेलं वाचून घेतलं, पटलं, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

जळकोट, १४ मे २०२५
(सही) शिवगंगा

साक्षीदार
१. पाशामियाँ, शेजारी, सायकल दुरुस्ती. (सही)
२. सटवाजी, शेती. माझ्या हाताने लिहितो की शिवगंगा ही माझी थोरली बहीण हाय. तिनं माझ्यासमोर सही केली. ती शुद्धीवर हाय अन् हसून राहिली. (सही)