पहिल्या पसंतीचा रकाना

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा संशय काही गेलेला नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते. एकेक जण उठून तुमच्याबद्दल चांगलं बोलत होता आणि मी शेवटपर्यंत थांबले ते केवळ एवढ्यासाठी, की कुणी तरी त्या यादीचं नाव काढील. कुणी काढलं नाही. मग मीही चहा घेऊन निघाले.

अकरावीच्या व्यवसाय शाखेत तुम्ही आम्हाला पंधरा दिवस बाहेर कामाला पाठवायचात, त्या ऑन-जॉबच्या यादीबद्दल म्हणतेय मी. अंधेरीच्या त्या वर्गात तुम्ही प्रत्येकीला एक फॉर्म दिला होता आणि त्यात पसंतीचे तीन रकाने होते. मी पहिल्यात पॅथॉलॉजी लॅब लिहिलं, दुसऱ्यात दवाखाना, तिसऱ्यात औषधांचं दुकान. अक्षर चांगलं यावं म्हणून आधी पेन्सिलीने लिहून वर पेन फिरवलं. आठवड्याने बोर्डावर यादी लागते आणि माझ्या नावासमोर लिहिलेलं असतं, मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीचं कोल्ड स्टोरेज. मी तीनदा वाचते. लॅब मिळालेली असते स्टेशनजवळच्या सोसायटीत राहणाऱ्या दोघींना, ज्यांचे वडील बँकेत आहेत. मी स्टाफरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिले. का, एवढंच विचारायचं होतं, पण तेही धड विचारता येईना. तुम्ही वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुला तिथे परकं वाटणार नाही गं." आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीला आत बोलावलंत.

परकं वाटणार नाही म्हणजे काय, हे कळायला मला वेळ लागला नाही. माझे बाबा बोटीवर होते, आई बाजारात मासळी विकायची आणि आम्ही कोळीवाड्यात राहायचो, हे हजेरीपटावरचं आडनाव वाचूनच कळत होतं. आईने मला मासळीपासून मुद्दाम लांब ठेवलं होतं. परीक्षा आली की मासळी साफ करायलाही बसू द्यायची नाही. त्या दिवशी घरी सांगितलं तेव्हा ती तुमच्यावर चिडली नाही, माझ्यावरच चिडली. तूच वर्गात घरच्या गोष्टी सांगत बसली असशील, म्हणाली, आणि याचसाठी जायचं होतं तर फी कशाला भरली, असंही म्हणाली. मी रात्रभर हिशेब लावत राहिले. कंपनीला दर वर्षी मुली द्यायचं तुम्ही कबूल केलं असणार, तिथे जायला कुणी तयार होत नसणार आणि जिच्या घरून कुणी भांडायला येणार नाही अशी मी एकटीच सापडले असणार. मला आजही असंच वाटतं.

जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला तुमचा स्वेटर दिलात. मरून रंगाचा, बाह्या हाताच्या बोटांपर्यंत येणाऱ्या. आत फार गारठा असतो, म्हणालात, घालून जा. आमच्या घरात कुणाकडेच स्वेटर नव्हता, हे तुम्हाला न विचारता कसं कळलं? मी तो घेतला, पण त्यावरही माझा विश्वास बसला नाही. बाईंना मन खात असेल म्हणून दिलाय, असं मी मैत्रिणीला सांगितलं. पंधरा दिवसांनी धुऊन, इस्त्री करून परत आणून दिला तेव्हा तुम्ही तो ठेव म्हणालात आणि मी नको म्हटलं.

पुढे मी हट्टाने लॅबचाच कोर्स केला. घाटकोपरला एका लॅबमध्ये काही वर्षं रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावली, नंतर शिकवायला लागले आणि आता बोरिवलीच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांच्या इंटर्नशिपचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे यादी आता मी करते. पहिल्याच वर्षी मी ठरवलं होतं की तुमच्यासारखं करायचं नाही. मी प्रत्येक फॉर्म स्वतः वाचते. हॉस्पिटल, गॅरेज, मोबाइल दुरुस्ती, ब्यूटी पार्लर, सगळीकडे आधी स्वतः जाऊन बघून येते, कारण कंपन्यांवरही माझा विश्वास नाही. फुकटची माणसं मिळाली की झेरॉक्स काढायला आणि चहा आणायला लावतात, हे मला पक्कं माहीत आहे. मालक फार गोड बोलायला लागला की मी त्याचं नाव खाली टाकते. शाळेत सगळे मला संशयी म्हणतात. म्हणोत.

तर बाई, आज दुपारी एक मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. दहावीतली, खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून बोटीने शाळेत येणारी. यादी मी सकाळीच बोर्डावर लावली होती आणि तिला लॅब दिली होती. इथली सगळ्यात चांगली लॅब, एकच जागा असलेली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल.

"मॅडम, मी फॉर्ममध्ये पहिलं काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत का?"

वाचलं होतं. तिने पहिल्या रकान्यात मासळीच्या कंपनीचं नाव लिहिलं होतं, तपासणी विभाग. मी ते वाचलं, शेजारचा पत्ता वाचला आणि लगेच ठरवून टाकलं की हे तिने लिहिलेलं नाही, बापाने लिहून घेतलंय. मी तिला म्हटलं, अगं, लॅब मिळालीय तुला, चांगली आहे.

"चांगली असेल ना. पण मी मागितली नव्हती."

घरून कुणी सांगितलं का, मी विचारलं. ती म्हणाली, नाही, पप्पांना तर मी बँकेत जावं असं वाटतं. मग मी म्हटलं, तिथे तुला नवीन असं काय शिकायला मिळणार आहे. हे बोलताना माझा आवाज चढला होता.

"ते मला माहीत नाही, मॅडम. म्हणून तर जायचंय. पण तुम्हाला कसं माहीत?"

बघते, म्हटलं आणि तिला वर्गात पाठवलं. तुम्ही माझं आडनाव वाचलंत असं मी इतकी वर्षं म्हणत आले. मी तिचा पत्ता वाचला. यात काही फरक आहे का, याचा मी दुपारपासून विचार करतेय आणि मला तो सापडत नाही. याचा अर्थ तुमचं बरोबर होतं असा नाही. तुम्ही मला विचारायला हवं होतंत. मीही तिला विचारायला हवं होतं. उद्या सकाळी यादी कंपन्यांना जाईल. मघाशी मी तिचं नाव लॅबसमोरून काढून तिने लिहिलं होतं तिथे घातलं. उद्या त्या कंपनीत जाऊन तिला खरंच तपासणीत ठेवणार की नुसते क्रेट उचलायला लावणार, तेही बघून येणार आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. कोल्ड स्टोरेजमध्ये तिसऱ्या दिवशी तिथल्या सुपरवायझर ताईंनी मला पापलेटचा एक क्रेट दाखवला आणि काय वाटतं म्हणून विचारलं. मी कल्ले उघडून पाहिले, बोटाने दाबून पाहिलं आणि वरचा थर आजचा आहे, खालचा नाही, असं सांगितलं. त्यांनी क्रेट उलटा केला. त्यानंतर येणारा प्रत्येक क्रेट आधी माझ्यासमोर ठेवला जायचा आणि सकाळी मी आईच्या आधी उठून तयार होऊन बसायचे. दहाव्या दिवशी तुम्ही न सांगता तिथे आलात. बर्फाच्या पाण्यातून साडी सावरत माझ्यापर्यंत आलात आणि विचारलंत, कसं चाललंय गं. वास येतो, एवढंच मी म्हणाले. तुमचा चेहरा उतरला. माझ्या वहीवर सही करून तुम्ही निघून गेलात आणि मला फार बरं वाटलं. बाई, मला कसलाही वास येत नव्हता.