ओल्या दाण्यांची हेल्मेटं

६ जानेवारी
नवा संकल्प: यंदा कारखान्यात मी म्हणेन ती पूर्व. सायकलवरून बादल्या विकून म्हैसूरजवळ ही कडकोळची शेड उभी केलीय, कुणाच्या सल्ल्यानं नाही. पुढच्या महिन्यात ऑफिसर येऊन हेल्मेटं टेस्टला नेणार. पास झाली तर ISI शिक्का राहील. नापास झाली तर शेडला कुलूप. काळजी नाही. मी आहे.

८ जानेवारी
सून स्पंदना प्लास्टिकची इंजिनियर. म्हणते, मामंजी, ABS प्लास्टिकचा दाणा हवेतली ओल पितो, मोल्डिंगआधी ड्रायरमध्ये वाळवायलाच हवा. म्हटलं, बाळ, आपण रंगारी. आजोबांनी अर्ध्या म्हैसूरच्या साड्या रंगवल्या. कोरड्यावर रंग कधी चढतो का? ओल्यावरच चढतो. तिनं कपाळाला हात लावला. पटलं असावं.

९ जानेवारी, सकाळी
ड्रायर बंद. दाणे पिंपात निळ्या पाण्यात भिजवले, निथळून मशीनला घातले. ऑपरेटर सत्यनारायण पुटपुटला, अय्यो देवा. माझे कान तिखट आहेत. माणूस भाविक.
मशीन फोडणीसारखं तडतडतंय. दाणा रंग पितोय.

१० जानेवारी
शेल, म्हणजे हेल्मेटांची बाहेरची कवचं, निघाले. रंग जरा फिका, पण अंगभर चंदेरी रेघा! स्पंदना म्हणते, वाफेच्या खुणा आहेत, आत बुडबुडे असणार, आपटलं की फुटेल. मला जरीकाठ दिसला. नाव ठरलं: जरी मॉडेल.

१४ जानेवारी
संक्रांत. बायकोनं, वनजानं, हातावर एळ्ळु-बेल्ला, इथला तिळगूळ, ठेवून सांगितलं, अहो, आज तरी सुनेशी गोड बोला. बोललो. एका मशीनवर तू वाळवून काढ, दुसऱ्यावर मी भिजवून काढतो. हरलीस तर वाईट वाटून घेऊ नकोस. मन मोठं लागतं.

२१ जानेवारी
शेल बोटानं वाजवून पाहिला. चांगला शेल टण् वाजतो. हा बद् वाजला. थंडी फार आहे.

२ फेब्रुवारी
मुलगा, नवीन, रोज म्हैसूरच्या कुवेंपुनगरहून स्कूटरनं येतो. म्हटलं, जरी मॉडेल घालून ये, जाहिरात होईल. म्हणाला, अप्पा, घरी लहान मूल आहे. लाजतो.

११ फेब्रुवारी, दुपारी
ऑफिसर आले. माझी चवड पुढे, सुनेची मागे. त्यांचा हात सुनेच्या चवडीकडे वळला. म्हटलं, सर, आधी हा मजबुतीचा आवाज ऐका, आणि जरी मॉडेल टेबलावर आपटलं.
दोन तुकडे.
सत्यनारायण म्हणाला, नारळ फुटला, मंगळारती आणू का? ऑफिसर हसले नाहीत. विचारलं, हाच माल विकता? मी तोंड उघडायच्या आत स्पंदना म्हणाली, नाही सर, हा ट्रायलचा माल, दळून टाकायला काढलाय. माझी सगळी चवड ग्राइंडरकडे निघालीसुद्धा. नमुने त्यांनी तिच्या चवडीतून उचलले.
टेबल फार कडक होतं.

५ मार्च
पास! शिक्का राहिला. शेडभर म्हैसूरपाक मी स्वतः वाटला. डीलर बिंदुमाधवचा फोन: काय राव, सून हुशार निघाली! म्हटलं, स्थळ कुणी पाहिलं होतं?

६ मार्च
यापुढे प्रॉडक्शन स्पंदना बघणार. वनजा आणि नवीननं ठरवलं. मी तेव्हा बाहेर कॉफी घेत होतो. मलाही जबाबदारीचं काम ठेवलंय: ड्रायरमध्ये दाणे ओतणं. फक्त ओतण्याआधी दोन्ही हात सत्यनारायणला दाखवायचे, कोरडे आहेत का म्हणून.
दाखवले. म्हणाला, सार, परत पुसा.