तांब्याच्या खोलीत दोन बाप

मुक्काम होळी, वसई
शुक्रवार, शाळा सुटल्यावर

श्रीयुत प्रल्हादराव यांना जगन्नाथाचा सप्रेम नमस्कार.

तुमची तब्येत, सुमेधावहिनींचा गुडघा आणि नाशिकची हवा ही तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडे सर्व कुशल आहे. अपवाद एकच, तो म्हणजे भाऊबिजेला तुम्ही आपल्या ताईला ओवाळणीत घातलेला कुकर. त्याबद्दल आधी रीतसर तक्रार नोंदवतो. हा कुकर गॅसवर नसतानाही शिट्टी देतो. शिट्टी बारीक, लांब आणि न थांबणारी असते, आणि मी उत्तरपत्रिका घेऊन शांत बसलो की हटकून सुरू होते. सरलाकडे दाद मागितली तर म्हणते, "कुकर फडताळात पालथा पडलाय. तुम्ही आपले पेपर तपासा." (माहेरच्या वस्तूची बाजू किती घ्यावी यालाही काही मर्यादा असावी. पण तुमच्या घराण्यात ती पूर्वीपासून नाही, हे मी लग्नातल्या पंक्तीतच ओळखलं होतं.) कुकर बदलून मिळेल का, ते कळवावं.

आता मुख्य विषय. तुमची भाची नेमकं करते काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. मी "खोल्या बांधते" म्हणालो, तर तुम्ही लगेच विरारच्या फ्लॅटचा भाव विचारलात. खुलासा असा की तिच्या खोल्यांत कोणी राहत नाही. बाहेरच्या रेडिओलहरी आत शिरू नयेत, किंवा आतल्या बाहेर पडू नयेत, म्हणून सहाही बाजूंनी धातूने मढवलेल्या त्या खोल्या. मी त्यांना "विद्युच्चुंबकीय परिरक्षण-कक्ष" असं सुबक नाव सुचवलं होतं. रेवाने मला व्हिजिटिंग कार्डाची रुंदी दाखवली आणि "शिल्डेड रूम" छापून आणलं.

ही विद्या आजची नव्हे. पावणेतीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या फ्रँकलिनने विजेने भारलेल्या चांदीच्या भांड्यात रेशमी दोऱ्याने बुचाचा गोळा सोडला. गोळा भांड्याच्या बाहेरच्या अंगाकडे ओढला जाई, आत सोडला की मात्र ढिम्म. पुढे १८३६ साली लंडनच्या फॅरेडेने बारा फुटांची धातूने मढवलेली खोलीच उभी केली, तिच्यावर बाहेरून विजेचे लोळ सोडले, आणि स्वतः उपकरणं घेऊन आत बसला. त्याला काहीही झालं नाही. (सासरच्यांना आधी कळवलं होतं का, याची नोंद मला सापडली नाही.) पुढे महायुद्धात रेडिओची यंत्रं तपासायला अशा खोल्या झाल्या. आता मोटारींपासून मोबाइलपर्यंत सगळं अशाच खोल्यांतून पारखून बाहेर येतं. तुमच्या घरातला मायक्रोवेव्ह हीसुद्धा अशीच एक चिमुकली खोली, म्हणून त्याच्या काचेत ती जाळी. आमचे वेदान्ती शिकवत आले, की घटातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच, वेगळेपण हा भास. माझ्या मुलीने तांब्याचा घट करून दोन्ही वेगळी करून दाखवली, आणि त्याची ती पावतीही देते.

मला हे पटेना, म्हणून रेवाने सरलाचा फोन स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि मला फोन करायला सांगितलं. फोन डब्यात खणखणला. मी विजयी मुद्रेने पाहिलं. तिने तोच फोन अॅल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळला, तर मुका. म्हणाली, "बाबा, डबा चांगलाच आहे. झाकण भोंगळ आहे. सगळा खेळ दाराचा असतो." हे वाक्य ध्यानात ठेवा, प्रल्हादराव. मी ठेवलं नाही.

रेवाने आणि तिची बालमैत्रीण स्टेफी हिने वसई पूर्वेला गाळा घेतला, हे तुम्हांला ठाऊक आहेच. स्टेफी म्हणजे आमच्या शेजारच्या भाजीवाडीतल्या बॅप्टिस्टभाऊंची मुलगी. दोघींना स्वतःच्या नावावर पहिलं मोठं काम मिळालं ते विरारच्या एका नव्या इस्पितळात, एमआरआयच्या खोलीचं. शरीरातून येणारा संदेश इतका क्षीण असतो म्हणे, की शेजारचा रेडिओसुद्धा त्यात ढवळाढवळ करतो. म्हणून भिंती, छत, जमीन सगळीकडे तांबं. आणि दाराच्या चारी कडांना कंगव्याच्या दातांसारख्या लवचीक तांब्याच्या पट्ट्या, म्हणजे दार लागलं की धातूला धातू भिडावा. सोमवारी चाचणी होती. नापास झाली असती तर बुधवारी आणखी एक संधी, आणि तीही हुकली तर इस्पितळ मुंबईच्या बड्या कंपनीला बोलावणार होतं. म्हणजे पोरींचं नाव उगवायच्या आधीच मावळणार.

अशा वेळी बापाने काय करावं? मी उंबरठ्याची पूजा केली. (टेस्ट होईपर्यंत आत काही करायचं नाही, असं रेवाने बजावलं होतं. मी आत काही केलं नाही. उंबरठा आत की बाहेर यावर न्यायशास्त्रात खुशाल वाद घालता येईल.) रविवारी दुपारी वॉचमनला रेवाचा बाप म्हणून ओळख देऊन गेलो, हळद-कुंकू तेलात कालवून उंबरठ्यावर पाच बोटं ओढली, आणि हात जोडले. मग वाटलं, रेवाला दिसेल. म्हणून उपरण्याच्या टोकाने नीट पुसलं. तेवढ्याने ते तेल एका जागी होतं ते पट्टीभर पसरलं. कुंकू तांब्याच्या रंगात असं काही मिसळलं, की मलाही दिसेना. मी समाधानाने घरी आलो.

सोमवारी खोली नापास. तपासनीस एक यंत्र बाहेर बोलतं ठेवतो, दुसरं आत ऐकत. दाराच्या पायाशी गळती आणि डोक्याशीही गळती. उंबरठा रेवाने बसवला होता, वरची चौकट स्टेफीने. पहिल्या इयत्तेपासून एका बाकावर बसलेल्या पोरी. परतताना एकीने रिक्षा केली, दुसरीने बस धरली. घरी रेवा जेवली नाही. "वरचं नीट बसलं असतं तर खालचंही बसलं असतं," एवढंच बोलली, आणि मी ताटावरून उठून स्पिरिटची बाटली शोधायला लागलो.

मंगळवारी दुपारी दोघी नव्या पट्ट्या आणायला गाळ्यावर गेल्या, वेगवेगळ्या. मी चिंधी आणि स्पिरिटची बाटली घेऊन इस्पितळ गाठलं. खोलीत शिरतो तर शिडीवर बॅप्टिस्टभाऊ! हातात चिमटा.

"मास्तर, तुमी इकडं?"

"आणि तुम्ही तिकडे, वर?"

चौकटीच्या खाचेतून त्यांनी चिमट्याने एक वाळकं काहीतरी ओढून काढलं. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मंतरलेला, पातीचा विणलेला चिमुकला क्रूस. "पोरींचं पहिलं काम होतं ओ," ते म्हणाले. "दिसू नये म्हणून आत दाबला." मी मुकाट्याने चिंधी दाखवली. प्रल्हादराव, दोन धर्मांतला संवाद इतक्या कमी शब्दांत क्वचितच झाला असेल.

दोघांनी मिळून दार असं पुसलं, की बारशाला पितळ्या घासाव्यात. मग बॅप्टिस्टभाऊ म्हणाले, लावून बघू. त्यांनी आतून दार ओढलं. भक्कम "धप्प" झालं. तेव्हा लक्षात आलं की आतली मूठ अजून बसवलेलीच नाही.

हाका मारल्या, दार बडवलं. कोणी नाही. (हवेची काळजी नव्हती. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीतून वारा येत होता. वारा येतो, लहर येत नाही, ही त्यातली मेख.)

"मास्तर, पोरींना फोन लावा."

"लागत नाही. एक दांडीसुद्धा नाही."

"माझाबी नाय. मेला आहे पार." ते थबकले, आणि एकदम मांडीवर थाप मारून ओरडले, "मेला म्हंजे? म्हंजे पास झाली की ओ खोली!"

दोन पन्नाशीचे गृहस्थ तांब्याच्या पेटीत अडकून एकमेकांना मिठी मारत होते, हे दृश्य कोणी पाहिलं नाही ही पोरींचीच पुण्याई. पुढचा दीड तास मोबाइलच्या बत्तीवर काढला. बॅप्टिस्टभाऊंनी खिशातली सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, काढली, निम्मी मला दिली, आणि भिंतीला टेकून डुलकी काढली.

दार उघडलं ते रेवा आणि स्टेफीने. चिंधी, स्पिरिट, चिमटा आणि क्रूस असा सगळा मुद्देमाल समोरच होता. "डॅडी!" आणि "बाबा!" हे एकाच सुरात आलं. नंतर जे ऐकलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही, पण दोघी एका बाजूला उभ्या राहून बोलत होत्या, हे मी अत्यंत आनंदाने ऐकलं. घरी त्या एकाच रिक्षाने गेल्या. आम्हांला बस.

बुधवारी खोली पास झाली, आणि तीही चांगल्या अंतराने. गुरुवारी पालघरहून दुसऱ्या कामाची चौकशी आली. तुमच्या भाचीचा मला अभिमान आहे. तिला सांगू नका, ती पुन्हा पूजेची भीती घेईल.

सुमेधावहिनींना नमस्कार. सुकेळीचा पुडा वेगळा पाठवतो आहे.

आपला,
जगन्नाथ

ता. क. दारावर पोरींनी पाटी लावली आहे: "वडिलांना प्रवेश नाही." बॅप्टिस्टभाऊंनी तिचा फोटो फ्रेम करून घेतला.

दुसरा ता. क. त्या पाटीला पुढच्या महिन्यात एकदा अपवाद होईल. कुकरची तक्रार मागे घेतो. बॅप्टिस्टभाऊ झोपले तेव्हा त्या खोलीत तुमचा कुकर नव्हता, गॅस नव्हता, बाहेरचा कसलाच आवाज नव्हता, आणि शिट्टी चालू होती. डाव्या कानात. काल डॉक्टरांना दाखवलं. त्या कानाने कमी ऐकू येतं म्हणाले. बहुधा साधंच असेल, घाई नाही, पण एकदा एमआरआय करून घेऊ. मी त्यांना विरारच्या नव्या खोलीचं नाव सांगितलं. यंत्र पंधरा दिवसांत बसेल.

तिसरा ता. क. म्हणून खरी विनंती: त्या दिवशी तुम्ही याल का? सरलाला आणि रेवाला मी रविवारी सांगणारच आहे, पण त्या दोघींना धीर द्यायला मला कोणीतरी हवं, आणि मला द्यायलाही. आतून फोन लागत नाही, हे मी स्वतः तपासलंय. दाराबाहेर बाकावर तुम्ही बसला आहात एवढं आत जाताना माहीत असलं म्हणजे पुरे. मला भीती वाटते, प्रल्हादराव.