वाफ ओसरेपर्यंत

प्रिय आइनो,

आईने फोनवर सगळं सांगून टाकलं, तिच्यावर चिडू नकोस. तुला सातवा लागलाय आणि तू दवाखान्याची बॅगसुद्धा भरायला तयार नाहीस म्हणे. शाळेत असताना आपल्या दोघींच्या वाकड्या पाठीत सळ्या बसवल्या, म्हणून कळा बधिर करणारं ते मणक्यातलं इंजेक्शन आपल्याला देता येत नाही. ही भीती मला पाठ आहे. माझ्या हेल्मीच्या वेळी मीही नऊ महिने तीच घेऊन फिरले.

नर्स मार्गोने कळांवरून लक्ष उडवायला तो चष्मा आणला तेव्हा मी म्हटलं, बाई, मी काय इथे व्हिडिओ गेम खेळायला आलेय? डोळ्यांवर तो डबा चढवला की खोली गायब, चहूकडे दुसरंच जग. रूडीने हौसेने समुद्र निवडला. जन्म बोटीवर काढलेला माणूस, त्याला वाटलं मला घरच्यासारखं वाटेल. डोळ्यांसमोर लाटा आणि खालचा पलंग मात्र ढिम्म! मी भडाभडा ओकले, थेट त्याच्या बुटांवर. कोळ्याची बायको, आणि दवाखान्यात बोट लागली!

इथवर तुला माहीत आहे. पुढचं मी सांगितलंच नाही. मार्गोने मग बर्फातलं जंगल लावलं. कळ चढली आणि मला एकदम आपली सौना, घरामागची ती वाफेची खोली, आठवली. बाबा तापल्या दगडांवर पाणी फेकायचे, वाफ अंगावर यायची, तू वरच्या फळीवरून उडी मारून पळायला बघायचीस आणि मी तुझं मनगट धरून म्हणायचे, थांब गं, हळू श्वास घे, ओसरते आत्ता. त्या पांढऱ्या झाडांत मी तेच केलं. खोटं कशाला बोलू, दुखलं, चांगलंच दुखलं. पण प्रत्येक कळ ओसरत होती आणि मधल्या वेळात मी जंगलात विसावत होते. शेवटी चष्मा मीच काढला. हेल्मीचं तोंड मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

थँक्सगिव्हिंगला जेवताना मी तिखटमीठ लावून फक्त ओकणं आणि किंचाळणं सांगितलं. सगळे खो खो हसले, तू काटा खाली ठेवून उठून गेलीस. तुला दिवस गेलेत हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ही भीती तुझ्या मनात मी घातली, आइनो. माफ कर मला. तुझ्या दवाखान्यात विचारलंय, चष्मा आहे. समुद्र लावू नका, असं बजावून ठेवलंय. बॅग तेवढी भर. मनगट धरायला मी येतेय.

तुझीच, वरच्या फळीवरची,
काइसा