लांब हाण

९ ऑगस्ट, रवि., टार्निट
लॉकडाऊन, मॅच बंद. दिवसाला एक तास, तोही दोघांनीच बाहेर पडायचं. मामा आमच्या फुटबॉल टीमचे कोच, मी गोलकीपर, आणि इथे परदेशात शिकायला आल्यापासून राहतो त्यांच्याच घरात. त्यामुळे दोघे म्हणजे ते आणि मी. ओव्हल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून ओरडतात, "लांब हाण." चेंडू त्यांच्यापर्यंत पोचेतो सुटका नाही. वारा समोरून.

१५ ऑगस्ट, शनि.
झूमवर टीमची मीटिंग. कॅप्टन हरप्रीतने स्क्रीनवर बाण काढून दाखवले. कीपरने चेंडू लांब न मारता जवळच्या डिफेंडरला द्यायचा, तिथून छोट्या पासांनी वर. पोरांना पटलं. मामा हातवारे करून बराच वेळ बोलले.
"कोच साब, म्यूट पे हो."
मामी आतून म्हणाली, "राहू दे तसंच."
जेवताना मामा मला म्हणाले, "आपल्याच गोलपुढं चेंडू खेळवायचा म्हणजे घरात फटाके लावायचे. कोल्हापुरात आमचं काय अडलं होतं?" मी भाकरी मोडत राहिलो.
हरप्रीतचा मेसेज: तू घर में है, तू ही समझा.
घरात आहे म्हणूनच तर.

२९ ऑगस्ट, शनि.
लांब चेंडू असतो तो ओंकारच्या डोक्यासाठी. मामांचा मुलगा, आमचा उंच फॉरवर्ड. आज गॅरेजमध्ये सायकलला हवा भरताना म्हणाला, "ब्रो, फुटबॉल बंद आहे तेच बरंय. हेडर मारला की आय सी स्पॉट्स. मग दोन दिवस डोकं ठणकतं."
डॉक्टरला दाखवलंस?
"नोप. डॅडला सांगू नकोस. प्रॉमिस?"
हो म्हणालो. म्हणायला नको होतं.

६ सप्टें., रवि.
मामांना विचारून पाहिलं, छोटे पास करून बघू या का.
"मग ओम्याची उंची काय पंखे पुसायला?"
घरी परतताना हळू आवाजात म्हणाले, "कोर्स अर्धवट सोडलास, ताईला मी अजून कळू दिलं नाही. तू माझं एवढं ऐक."
आईला कळलं तर.

१८ ऑक्टो., रवि.
किक आता खरंच लांब जाते. मामा खूश. ओंकारच्या डोक्यासाठी मी काय तयार करतोय, ते मला कळतं आहे. झोप नीट नाही.

२९ नोव्हें., रवि.
लॉकडाऊन उठल्यावर पहिली मॅच, फ्रेंडली. पहिलाच चेंडू सवयीने लांब गेला. ओंकारने हेडर मारला आणि डोळे मिटून, गुडघ्यांवर हात टेकून तसाच उभा राहिला. मामा टाळ्या वाजवत होते.
त्यानंतर सगळे छोटे पास. एक चुकला, गोल बसला. हरलो. मामांचा घसा बसला.
गाडीत विचारलं, "लांब का हाणला नाहीस?"
मागच्या सीटवर ओंकार खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो, "पाय दुखावलाय."
घरी आल्यावर मामा बाम घेऊन आले. जमिनीवर बसले, माझा पाय मांडीवर घेतला आणि पोटरी चोळू लागले. धडधाकट पाय. "रविवारपर्यंत बरा करतो बघ तुला. मग लांब."
दारात ओंकार.
"डॅड, झालं की तो बाम मला दे."
मामांचा हात थांबला. "तुला रं काय झालंय?"
ओंकार माझ्याकडे बघत होता. मी पाय काढून घेतला आणि म्हणालो, "मामा, माझा पाय बरा आहे; बाम त्याच्या डोक्याला लावा."