रंग उजळला

४ जून
आले एकदाची! वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावरची खोली, दोन खाटा, एक मोठी खिडकी, आणि नळाला पाणी कधीही. औषधाच्या कारखान्यात चाळणी विभागात काम मिळालं आहे. सोबतीण माझ्याहून थोराड. इतकी पांढरी, की सगळे तिला खडूताई म्हणतात. जेवायला खाली गेलो तर विभागातल्या सगळ्याजणी तशाच. गोऱ्यापान, गोल गरगरीत चेहऱ्याच्या. तुम्ही बहिणी-बहिणी का गं, असं विचारलं तर हसून हसून बेजार झाल्या. त्यांच्यात मी म्हणजे तव्याचं बूड. आई लाडाने काळू म्हणते ते काही उगीच नाही.

११ जून
काम सोपं आहे. पिंपातली पांढरी पूड चाळायची. पुढे तिच्या गोळ्या होतात, सुजेवरच्या, दम्यावरच्या. तोंडाला फडकं बांधतो, तरी जीभ कडूच. गंमत म्हणजे माझा जुना गुडघा ठणकायचा थांबला. आणि भूक अशी, की ताट धुवायला नको!

२३ जुलै
घरून माझ्या सख्ख्या ताईने व्हिडिओ फोनवर माझं तोंड पाहिलं आणि ओरडलीच. काय लावतेस, मलाही पाठव, म्हणाली. आईने फोन हिसकावून घेतला, हवा मानवली हो माझ्या काळूला, म्हणाली आणि डोळे टिपले. माझी हनुवटी नाहीशी झाली आहे हे दोघींनाही दिसलं नाही.

१९ सप्टेंबर
पोटावर जांभळे ओरखडे उठलेत. ओरबाडलं नाही काही नाही. दंडाला नुसतं बोट लागलं तरी डाग पडतो. खडूताईने बाही वर सारून आपले डाग दाखवले. सगळ्यांनाच होतं, म्हणाली, छत्री गळते म्हणावं तशा सुरात. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

६ ऑक्टोबर, घरी
रजेवर आले आणि दोन दिवसांत कप उचलेना. उलट्या. न्हाणीघरात पडले तेव्हा आई हाका मारत होती. ऐकू येत होतं, पण ओ द्यावीशी वाटेना. डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने उठून बसले.

त्या म्हणाल्या, मूत्रपिंडांवर दोन इवल्या ग्रंथी असतात, जगायला लागणारं हार्मोन त्या करतात. मेंदूखालची ग्रंथी त्यांना हुकूम सोडते, आणि त्याच हुकमाने कातडीलाही रंग चढतो. तुझ्या पुडीत तसलंच हार्मोन आहे. ते श्वासातून आयतं मिळतंय, म्हणून हुकूम सुटायचा बंद झाला. रंग गेला तो त्याने. पूड एकदम सुटली तर मरशील. गोळ्या घे, हळूहळू कमी करत जा, आणि ती नोकरी सोड.

ताईने कोपऱ्यातून विचारलं, म्हणजे ही परत काळी होणार का? आई तिच्या अंगावर धावली.

१५ ऑक्टोबर
परत आले. इथे आल्या आल्या बरंच वाटतं, मग गोळ्या कशाला. पाकीट ताईला पाठवून दिलं. तिला हवं होतं.
खडूताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, सोडून गेलेल्या दोघी परत आल्या होत्या. तिसरी आली नाही. मग तिने वेणी घालायला घेतली.

३ डिसेंबर
विभागाला कुलूप. पूड आता दुसऱ्या गावी करणार म्हणे. फाटकाबाहेर आम्ही उभ्या. गोल. पांढऱ्या. मी सांगितलं, एकदम सुटली तर — त्या माना डोलवत राहिल्या. कुणी ओरडलं नाही. मुकादमबाई म्हणाली, घरी जा, विश्रांती घ्या.

५ डिसेंबर
खिडकीतून ऊन येतं म्हणून खडूताई माझ्या खाटेवर निजली. मी तिच्या. मला उठवत नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करायचा आहे. फोन खिडकीत. जाते थोड्या वेळाने —

६ डिसेंबर
खडूताईला हाक मारली. हात गार. रडायला हवं.

वसतिगृहाच्या बाई आल्या. तिला हलवून पाहिलं. खाटेच्या पट्टीवरचं नाव वाचलं. माझं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, खडूताई, मी हिच्या घरी कळवते. आणि गेल्या.

नाही म्हणायचं होतं. जीभ —

फोन वाजतोय. आई असेल. चार पावलं. उचलायचा, मी आहे म्हणायचं. एवढंच.

थांबला.

परत वाजतोय. उठते. पाय खाली टाकला की —